मापं तीच आहेत

२ मार्च, शनिवार

प्रिय ताई,

नमस्कार. मी इकडे मजेत आहे, तू आणि बाबा तिकडे मजेत असाल. वाचून नाक मुरडू नकोस. पत्राची पहिली ओळ अशीच लिहायची, नाहीतर घरचे घाबरतात, हे तूच मला शिकवलंस.

तुझं पत्र परवा मिळालं. साडेतीन पानं! आणि त्यातली अडीच पोस्टातल्या वजनकाट्यावर. म्हणजे तू मला पत्रं टाकायला पोस्टात जायचीस, तो खिडकीतला माणूस पाकीट काट्यावर ठेवायचा आणि म्हणायचा, "आज बहिणीला बरंच लिहिलंत." बस, एवढंच? एवढ्यावर माणसं लग्नापर्यंत पोचतात? मी परदेशी आले म्हणून तुझं जमलं, हे जन्मभर विसरू नकोस. आणि बाबांना सांग, धाकटीला एवढ्या लांब शिकायला पाठवलं ते अगदीच वाया गेलं नाही.

बारा एप्रिलला त्यांच्या घरचे बोलणी करायला येणार, तेव्हा तुझी सुट्टी आहे ना, येशील का, असं विचारलंयस. अगं, सुट्टी कसली, चार दिवस. दोन यायला, दोन जायला. पायरीवर उभ्या उभ्या चहा घेऊन मागे फिरावं लागेल. लग्न जूनमध्ये ठरलं तर? आत्ताच काही सांगता येत नाही. प्रयोगशाळेत काम असतं. बघू.

काम काय करतेस म्हणून बाबा विचारत होते. त्यांना सांग, कापडाचा तुकडा यंत्राच्या दोन जबड्यांत धरायचा, ताणत न्यायचा आणि कितव्या ओढीला फाटला ते लिहायचं. मग पुढचा तुकडा. तू आयुष्यभर कापड जोडतेस आणि मी इथे शिष्यवृत्ती घेऊन फाडते. दुकानात बोलू नकोस, गिऱ्हाइकं तुटतील.

त्या दिवशी फोनवर काय तमाशा झाला! औषधाच्या दुकानात पाच-सहा माणसं, रिसीव्हर बाबांच्या हातात, आणि बाबा अख्ख्या रस्त्याला सांगताहेत, "समुद्र! ती म्हणते समुद्रावर जाणार!" मागून तुझा आवाज आला, "मग घालायला काय आहे तिच्याकडे? माप पाठव म्हणावं." मला पुढे बरंच बोलायचं होतं. पण औषधवाले काका ऐकत असताना काय बोलणार? म्हणून पत्रच बरं.

तर वसतिगृहातल्या आम्ही चौघी सुट्टीत समुद्रावर जाणार आहोत. एक नकाशेवाली, तिने आतापासूनच तासातासाचं वेळापत्रक भिंतीला लावलंय. एक उंच, दारातून वाकून येते. तिसरी झोपाळू, तिच्याबद्दल आणखी काय सांगू? आणि मी.

मापं तीच आहेत. तुझ्या वहीत माझं पान आहे, ते बघ. एक सूतही फरक नाही.

सोबत फोटो पाठवतेय. नकाशेवालीने वसतिगृहाच्या पायऱ्यांवर काढला. कोट जाडजूड आहे, त्यामुळे मी चांगली गुटगुटीत दिसतेय. हात वर केलाय तो तुला टाटा करायला.

तुझी धाकटी


१६ एप्रिल, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार, आणि पाठीत धपाटा घालणार असशील तर तोही पोचला. पार्सल मिळून पंधरा दिवस झाले आणि पोच आत्ता देतेय. निळ्यावर पांढरे ठिपके! आणि दोन दोन खिसे! खिशात चिठ्ठीसुद्धा, नंबर घातलेली. मी काय दुकानातलं गिऱ्हाईक आहे का गं? चिठ्ठीच्या घडीपर्यंत सगळं शिस्तीत. ड्रेस असा बसलाय की उंच म्हणाली, "तुझी बहीण इकडे येऊन माप घेऊन गेली की काय?"

हे पत्र समुद्राकाठून लिहितेय. मांडीवर नकाशेवालीचा नकाशा, त्यावर कागद, आणि चार पावलांवर पाणी. समुद्र कसा असतो ते नीट लिही, असं बजावलंयस. ताई, खरं सांगू? पहिल्या क्षणाला वाटलं, हे एवढंच? मग बघत राहिले आणि ते संपेचना. तू कापडाचं अख्खं ठाण टेबलावर सोडायचीस आणि मी दुसऱ्या टोकाला हात पसरून उभी असायचे, तसं ते येतच राहतं. पण आवाजाचं कुणी सांगितलं नव्हतं. डोळे मिटले की शेजारच्या खोलीत मशीन चालल्यासारखं वाटतं. मी बराच वेळ डोळे मिटून बसले होते. झोपाळू म्हणाली, "चला, मला जोडीदार मिळाली."

आमची खोली एका खाणावळीच्या वर आहे. चार लोखंडी खाटा, न मिटणारी एक खिडकी आणि जिकडे तिकडे वाळू. उशीत वाळू, कंगव्यात वाळू, दात घासताना वाळू. न्हाणीघर एकच, त्यामुळे सकाळी बादल्या घेऊन रांग. खाणावळीच्या बाई खमक्या आहेत. जेवण झालं की खालून ताटावर चमचा वाजवतात. पहिल्या दिवशी तो आवाज ऐकला आणि मी पायात चपला न घालता जिना उतरून खाली. बाकीच्या तिघी हसत बसल्या. त्या दिवशी मी दोनदा वाढून घेतलं.

वेळापत्रकाप्रमाणे जुना किल्ला झाला, तिथे झोपाळू तोफेवर पाठ टेकून घोरली आणि दोन प्रवाशांनी तिचा फोटो काढला. घड्याळाचा मनोरा झाला, घड्याळ बंद. होडीतून बेटावर जाऊन आलो. उंचला होडी लागली, आणि एवढी लांब मुलगी कुठे आडवी करायची हाच प्रश्न पडला. काल दीपगृह झालं. दोनशे अकरा पायऱ्या. मी खालीच थांबले. उंचीची भीती वाटते ना मला.

मागच्या गल्लीतल्या दुकानातून सेफ्टी पिनांचं पाकीट आणलं. उंचच्या पिशवीचा बंद तुटला होता.

बारा तारखेला काय झालं, सगळं लिही. मी दिवसभर घड्याळ बघत होते. आत्ता तिकडे दहा वाजले, आत्ता बाबा दाढी करून बसले असतील. आत्ता ते आले. कुणाला खिडकीजवळची खुर्ची मिळाली? त्या डुगडुगणाऱ्या खुर्चीवर चुकून त्यांच्या आईला तर बसवलं नाहीस? तू काय घातलं होतंस? दुसऱ्यांचे कपडे शिवता शिवता स्वतःचा तो राखाडीच घातला असशील, मला माहीत आहे. मी असते तर घालू दिला नसता. मी असते तर कपाट उघडून...

असो. नकाशेवाली हाका मारतेय. आज सहावा दिवस आहे, उद्या परत निघायचं, आणि तिच्या यादीत अजून एक संग्रहालय बाकी आहे. पाकिटात चिमूटभर वाळू घातलीय. पाकीट तुझ्या हातात देण्याआधी तुझा वजनकाटा दोनदा तोलून बघेल बघ. त्यांना सांग, आत समुद्र आहे.

तुझी धाकटी


२४ एप्रिल, बुधवार

ताई,

आज मजेत-बिजेत काही नाही. सरळ मुद्द्यावर येते.

तुझं तेराचं पत्र काल मिळालं. लग्न अठरा जून, सकाळी नोंदणी कार्यालयात सह्या आणि मग घरी जेवण. वाचून खोलीत एकटीच नाचले, खरंच नाचले, खालच्या खोलीतलीने छताला काठी ठोकली. तुझं ठरलं ताई! बाबांनी त्यांच्या वडिलांना आपल्या चष्म्याचा नंबर सांगितला आणि दोघांचा एकच निघाला म्हणून गळ्यात गळे घातले, हे वाचून तर हसून हसून पोट दुखलं.

आणि मग शेवटची ओळ. "लग्नातल्या तुझ्या ड्रेसचं कापड आणलंय, दहा मेला कापते. मापं तीच ना?"

नाहीत. ताई, मापं ती नाहीत. कात्री लावू नकोस.

तुला हे माहीत आहे, हे मला आता माहीत आहे. पण ते कसं कळलं ते सांगते, कारण त्या दिवसापासून हा कागद मी तीनदा फाडलाय. कापड फाडायची सवय, दुसरं काय.

सतरा तारखेला, निघायच्या सकाळी, शेवटचं म्हणून आम्ही पाण्यात गेलो. तुझा ड्रेस अंगात. तो अंगावर बसला वगैरे सगळं खोटं होतं. पार्सल उघडून घालून पाहिला तेव्हा खांद्यावरून उतरत होता आणि कमरेत माझ्यासारखी अजून अर्धी मावली असती. पंधरा दिवस तुला पोच दिली नाही ती म्हणून. उंचच्या पिशवीचा बंद शाबूत आहे. पिना मी मागे, कमरेला लावल्या होत्या, सात. वरून ओढणी घ्यायचे म्हणजे दिसत नसत. तर एक लाट आली ती थेट छातीवर, आणि सातांतल्या चार पिना उघडल्या. मी अशी ओरडले की झोपाळूसुद्धा जागी झाली. उंचने मला ओढत बाहेर आणलं, वाळूत पालथं पाडलं आणि एकेक पिन काढायला लागली. वर बडबड चालूच, "ही काय शिवणकामाची पेटी आहे का?" आणि मध्येच थांबली. म्हणाली, "अगं, इथे आतून काहीतरी आहे. दोरी आहे."

मी हात मागे नेला. ताई, मी तुझ्या मशीनखाली रांगले, चिंध्यांत झोपले, नेफा बोटाला कळला नाही असं होईल का? कमरेच्या आतल्या बाजूने, ठिपक्यांच्याच कापडाचा, बाहेरून टाका दिसू नये असा. आत नाडी. आणि तोंडाशी दोन कच्चे टाके, वाटेत निसटू नये म्हणून. मी ज्या ड्रेसला सहा दिवस पिना टोचत होते त्याच्या आत पहिल्यापासून नाडी होती.

मग चिठ्ठी आठवली. तुझ्या दुकानातून कुठलाच कपडा चिठ्ठीशिवाय बाहेर पडत नाही. नंबर वर, आत मापं, घडी करून खिशात. मी जन्मापासून त्या चिठ्ठ्या बघतेय, म्हणून तर उघडली नाही. खिशात हात घातला. तिचा लगदा व्हायचाच बाकी होता, पण तू पेन्सिलीने लिहितेस, म्हणून वाचलं. मापं नव्हतीच.

"फोटोत घड्याळ मनगटावरून कोपरापाशी गेलंय. कमरेत नाडी घातलीय, हवी तेवढी ओढून घे. कुणाला सांगायची गरज नाही. जेवत जा."

मी तिथेच, ओल्या वाळूत, भोकाड पसरलं. लाजबीज काही नाही. नकाशेवालीला वाटलं मला जेलीफिश चावला, ती नकाशात दवाखाना शोधायला लागली. उंचने टाके दातांनी तोडले, नाडी ओढली, गाठ मारली आणि म्हणाली, "आता उठ. बाईंनी ताट वाजवलंय."

आता बाकीचं सांगते. मध्ये थांबले तर राहून जाईल.

दीपगृहाची मला भीती नाही. आपल्या पाण्याच्या टाकीवर चढून तुझ्या नावाने बोंबा मारायचे ती मी. चाळिसाव्या पायरीवर डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून बसले आणि तिघींना वर पाठवलं. आजार काही नाही, वसतिगृहाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलंय. म्हणाल्या, "जेवत नाहीस, दुसरं काही नाही." जेवण मिळत नाही असंही नाही. सहाला प्रयोगशाळा बंद होते, खोलीवर येते, ताट आणते, टेबलावर ठेवते आणि बघत बसते. तू कात्रीने मशीनवर तीनदा टकटक केल्याशिवाय मी घरात कधी जेवले होते का? हसशील, पण खरंच सांगते, हाक आल्याशिवाय जेवायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. बाईंचा चमचा वाजला तेव्हा मला सात महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली.

आणि सुट्टी. मी सोळाच्या पत्रात "सहावा दिवस" लिहून बसले. पाकीट पेटीत टाकलं आणि मग डोक्यात उजेड पडला. चार दिवसांच्या सुट्टीचा सहावा दिवस कसा? ते पत्र तुला या चार-पाच दिवसांत मिळेल. तू बोटांवर मोजशील आणि कुणाला काही बोलणार नाहीस. म्हणून आधी मीच सांगते. सुट्टी अकरा दिवसांची होती. बारा तारखेला मी तुझ्या शेजारी उभी राहू शकले असते. मी आले नाही. समुद्रावर गेले.

तुला वाटेल धाकटीला मौजमजा हवी होती. तसं असतं तर बरं झालं असतं. आले असते तर परत गेले नसते, ताई. एवढंच कारण आहे. दारात तू दिसली असतीस, गळ्यात टेप, तोंडात टाचणी, आणि मी तुझ्या पायाशी चिंध्यांत जाऊन बसले असते आणि कुणाच्या बापाने ओढलं तरी तिथून उठले नसते. आणि तू उठ म्हणाली नसतीस. तुझ्याच्याने ते होत नाही. मला वाढवायला, शिकवायला म्हणून तू दहावीनंतर मशीनवर बसलीस, आणि मी शिक्षण अर्ध्यावर टाकून परत यायचं? त्या भीतीने मी तिकीट काढलं नाही. जूनचं कामही खोटं. जूनमध्ये प्रयोगशाळेला कुलूप असतं.

समुद्र सुंदर होता. तो खोटा नव्हता. पण जे जे दिसलं ते मी आधी तुझ्यासाठी बघितलं आणि मग माझ्यासाठी. होडीत माझ्या शेजारी एक जागा रिकामी होती, तिथे मी पिशवी ठेवू दिली नाही. नकाशेवाली चिडली. चिडू दे म्हटलं.

आता ऐक, ठरवलंय ते. काल दुपारी जाऊन तिकीट काढलं. तीन जूनला संध्याकाळी घरी पोचते. परतीचंही काढलंय, दोन जुलैचं, आणि ते तिकीट मी आल्या आल्या भावजींच्या हातात देणार आहे. (हो, आजपासून भावजी. वजनकाटा बंद.) पोस्टातला माणूस आहे. पाकिटावर पत्ता असला की ते जिथलं तिथे पाठवल्याशिवाय त्यांना झोप यायची नाही. मी रडेन, चिंध्यांत लपेन, तुझं मन वळवेन, तू वळशील. त्यांनी वळायचं नाही. हे त्यांना आत्ताच सांगून ठेव. आणि दोन तारखेला गाडीत मात्र तूच बसव.

बाबांना एवढं सगळं सांगू नकोस. धाकटी येतेय एवढंच सांग, ते औषधाच्या दुकानात जाऊन गावाला कळवतील.

इथे उंचने नवीन नियम काढलाय. सात वाजले की माझ्या दारावर चमच्याने तीनदा वाजवते. मी तिला काही सांगितलं नव्हतं, तिने आपलं आपण धरलं. चार दिवस झाले. काल सगळं ताट संपवलं. नाडीची गाठ होती तिथून बोटभर सैल केलीय, शपथ.

म्हणून म्हणते, कापड तसंच घडी घालून ठेव. मी आता पाठवलेल्या मापांवर तू विश्वास ठेवू नयेस आणि मलाही भरवसा नाही, जूनपर्यंत बदलतील. दहा मे जाऊ दे. वहीतलं माझं जुनं पानही खोडून टाक. तीन तारखेला मी दारात हात पसरून उभी राहीन, अगदी ठाण धरायला उभी राहायचे तशी. आधी माप घे. बाकीचं, रागावणं, रडणं, ते सगळं नंतर.

टेप गळ्यातच असू दे.

तुझं सगळ्यात जुनं आणि माप चोरणारं गिऱ्हाईक,
धाकटी